हवेतली ऊब उपसणारा पंप आणि त्याच्या तारा

दिवाळी सरली की वसतिगृहांना मदत करणाऱ्यांच्या मनात मुलांच्या आंघोळीचे पाणी येते. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याला, भंडारदऱ्याच्या आसपास पहाटेचा गारठा काय असतो हे तिथे एक रात्र राहिलेल्याला सांगावे लागत नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले घरापासून दूर राहून शिकतात, पहाटे साडेपाचला उठतात आणि हौदातल्या पाण्याने आंघोळ करतात. कुठे लाकडाचा बंब असतो, कुठे बादलीत सोडायची विजेची कांडी, कुठे छतावरचा सोलर. अलीकडे दाते ‘हीट पंप देऊ का?’ असे विचारू लागले आहेत. जरूर द्यावा, पण त्याआधी हे यंत्र काय करते आणि विशेषतः त्याच्या तारा कशा जोडलेल्या असाव्यात हे दात्यालाही ठाऊक असावे. असे यंत्र निकामी होते तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. तो भिंतीवरच्या डब्यात, जमिनीतल्या अर्थिंगमध्ये किंवा कुणीतरी ‘डायरेक्ट’ केलेल्या एका छोट्या स्विचमध्ये असतो. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, वायरिंगवर येत नाही, म्हणून वायरिंगला पैसे मागणेही अवघड जाते.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, ती उपसतो. हे समजायला आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार फार उपयोगी आहे. नगर शहरापासून जवळच असलेले हे गाव आपल्यापैकी काही जण पाहून आले असतील. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे कामासाठी बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत गावाने समतल चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरवले. गावात नवे पाणी कोणी तयार केले नाही. आभाळातून पडणारेच पाणी जमिनीत थांबवले, त्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला आणि विहिरीतून मोजून उपसले. पाणी वर आले की मोटारीचे काम हलके होते. वीस फुटांवरून पाणी खेचणे आणि शंभर फुटांवरून खेचणे यात विजेचा फरक किती, हे कोणताही शेतकरी सांगेल.

हीट पंपाचे गणित तेच. भोवतालच्या हवेत ऊब असते, थंडीतल्या हवेतसुद्धा. यंत्रातला गॅस, म्हणजे फ्रिजमध्ये असतो तसा, हवेतून ती ऊब घेतो, काँप्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो तापतो आणि मग ती उष्णता पाण्याला देतो. आपला फ्रिज आतली ऊब काढून मागच्या जाळीतून खोलीत सोडतो, तसाच हा हवेतली ऊब काढून टाकीत सोडतो. ही कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी १८५२ साली ती मांडली होती. विजेचे काम फक्त उपसण्याचे असल्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते. उपसा जितका खोल, तितकी वीज जास्त. दुपारी हवा ३० अंश असेल आणि पाणी ५० अंशांवर न्यायचे असेल तर उपसा वीस अंशांचा. पहाटे हवा १२ अंश असेल तर तोच उपसा अडतीस अंशांचा. म्हणून सकाळच्या आंघोळीचे पाणी आदल्या दुपारी तापवून जाड आवरणाच्या टाकीत साठवायचे. ही एक गोष्ट पाळली तरी वीज चांगलीच वाचते, आणि ती पाळण्याचे काम यंत्र करत नाही. ते एका टायमरच्या दोन तारा करतात. टायमरकडे पुढे येऊच.

आधी ताळेबंद. समजा वसतिगृहात ७५ मुले आहेत. प्रत्येकाला बारा लिटर गरम पाणी, त्यात आठ लिटर गार मिसळले की अडतीस अंशांची वीस लिटरची बादली होते. म्हणजे रोज ९०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचे. त्याला सुमारे ३१ युनिट उष्णता लागते. विजेच्या गिझरने हे केले तर ३१ युनिट वीज, वर टाकीतून निसटते ती वेगळी. हीट पंपाने केले तर साडेदहा-अकरा. लाकडाचे बघायचे तर एक किलो सुक्या लाकडात साधारण चार युनिट उष्णता असते आणि साध्या बंबात त्यातली चौथाई पाण्यात उतरली असे धरले, तरी रोज तीस किलोच्या आसपास लाकूड जळते. ते लाकूड कुणाच्या तरी डोक्यावरून येते आणि कुठल्या तरी डोंगरावरून तुटते. कुऱ्हाडबंदी ठरवणाऱ्या गावाला हा हिशेब आधी कळला होता.

सोलर का नको, असा प्रश्न रास्त आहे. जिथे ऊन भरपूर आहे तिथे सोलरच द्यावा, चालवायला स्वस्त पडतो. पण आपला जिल्हा एकसारखा नाही. हिवरे बाजारच्या शिवारात पावसाची वाट बघतात आणि त्याच जिल्ह्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात सूर्य दिसत नाही. घाटघरला लोक नगरचे चेरापुंजी म्हणतात. तिथल्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये कोरडे कपडे मिळणेही कठीण, मग सोलरचे पाणी कुठून येणार? तिथे हीट पंपाला अर्थ आहे. दमट हवेतही तो चांगला चालतो.

मुख्य तार

हे यंत्र ७५ मुलांसाठी घेतले तर त्याची उष्णता देण्याची ताकद साधारण सात किलोवॅट असावी. ते दुपारी साडेचार तास चालेल आणि चालताना सव्वादोन-अडीच किलोवॅट वीज घेईल, म्हणजे सिंगल फेजवर बारा अँपिअरच्या आसपास. ऐकायला थोडे वाटते. पण काँप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी चार-पाच पट करंट घेतो. साठ अँपिअर धरा. तो एका सेकंदाचा झटका वायरिंगची खरी परीक्षा घेतो.

मीटरच्या खोलीपासून यंत्रापर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि कुणी दिव्यांच्या लाइनची दीड एमएमची तांब्याची वायर ओढली, तर सुरू होताना वायरीतच चाळीसहून जास्त व्होल्ट पडतात. अडीच एमएमला सत्तावीस, चार एमएमला सतरा. शहरात २३० व्होल्ट येतात तिथे हे खपून जाईल. डोंगरातल्या वस्तीवर, डीपीपासून लांब, संध्याकाळी १९५ व्होल्ट आले आणि त्यातले चाळीस वायरीत गेले की काँप्रेसरला दीडशेच्या घरात मिळतात. तो गुरगुरतो, फिरत नाही, तापतो आणि काही दिवसांनी जळतो. मग ‘कंपनीचा माल खराब’ असे होते. म्हणून इतक्या अंतरासाठी चार एमएमची तांब्याची वायर, मधे कुठेही पिळून टेप गुंडाळलेला जोड नाही, आणि टोकांना दाबून बसवलेले लग. अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवले तर नको म्हणावे. तिचे स्क्रू ढिले पडतात आणि ढिला स्क्रू तापतो. तांब्याच्या वायरीचेही स्क्रू महिन्याभराने वीज बंद करून एकदा आवळायचे असतात.

ही लाइन मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र हवी, तिच्यावर दिवे, पंखे, मिक्सर काही नाही. सुरुवातीला वीस अँपिअरचा एमसीबी, पण तो ‘सी’ प्रकारचा. दिव्यांसाठी मिळणारा ‘बी’ प्रकारचा एमसीबी सुरू होण्याच्या झटक्यालाच पडतो, मग वायरमन वैतागून बत्तीस अँपिअरचा बसवतो आणि वायरीचे संरक्षणच निघून जाते. यंत्राशेजारी, हाताला लागेल अशा उंचीवर, एक आयसोलेटर स्विच असावा. दुरुस्तीला आलेल्या माणसाला दुसऱ्या इमारतीतला एमसीबी बंद करून ‘कोणी चालू करू नका रे’ असे ओरडावे लागू नये. मुलांच्या वसतिगृहात तर नाहीच.

महावितरणकडचा मंजूर भारही आधी बघावा. दोन किलोवॅट मंजूर असलेल्या जोडणीवर अडीच किलोवॅटचे यंत्र चढवले तर ते चालते आणि दंडही चालत येतो. भार वाढवण्याचा अर्ज परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसह करायचा असतो. ही कागदपत्रे यंत्र येण्याआधी करावीत. यंत्र आल्यावर कोणाला धीर नसतो.

मोठ्या वसतिगृहात थ्री फेज यंत्र लागते. तिथे एक भानगड शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. विहिरीवरच्या मोटारीचे दोन फेज उलटे जोडले की ती उलटी फिरते, पाणी कमी येते, आणि शेतकरी दोन वायरी बदलून मोकळा होतो. काही काँप्रेसर मात्र उलटे फिरण्यासाठी केलेलेच नसतात. थोडा वेळ उलटे फिरले तरी आतून खराब होतात. डीपी दुरुस्त करताना लाइनमनकडून फेजची अदलाबदल झाली तरी तेच होईल. म्हणून तिथे फेज क्रम तपासणारा रिले लागतो. एक फेज गेला तर बंद पाडणारा प्रिव्हेंटर आपल्याकडे स्टार्टरमध्ये असतोच, हा त्याचाच भाऊ.

अर्थिंग, ज्यावर कोणी बोलत नाही

पाणी, ओले पाय, लोखंडी नळ आणि वीज एकत्र येतात त्या जागी मुलांचा जीव ज्या तारेवर असतो, ती हिरवी. फेज वायरीचे आवरण उंदराने कुरतडले आणि ती यंत्राच्या पत्र्याला लागली असे समजा. चांगले अर्थिंग असेल तर करंट जमिनीत धावतो आणि एमसीबी पडतो. पण आपली जमीन काळ्या पाषाणाची, वर वीतभर माती किंवा मुरूम, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. अशा जागी अर्थिंगचा रोध वीस ओहम असणे नवलाचे नाही. २३० भागिले वीस, साडेअकरा अँपिअर. वीस अँपिअरचा एमसीबी हे पाहून शांत बसतो. यंत्राचा पत्रा आणि त्याला जोडलेला प्रत्येक नळ जिवंत राहतो, आणि सकाळी पहिले मूल नळाला हात लावते.

म्हणूनच एमसीबीच्या जोडीला आरसीसीबी लागतो, ज्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला का एवढेच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाइतका, फरक पडला तरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाइन तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. पडला तर ठीक, नाही पडला तर तो त्याच आठवड्यात बदलायचा. हे काम अधीक्षकांनी एखाद्या ठरावीक दिवसाला बांधून घ्यावे, पहिला शनिवार वगैरे.

आरसीसीबी वारंवार पडू लागला की त्याला बगल देऊन लाइन थेट जोडण्याचा मोह होतो. ‘मॅडम, हे सारखे पडते, मी काढून देतो’, असे वायरमन प्रेमाने म्हणतो. याला ठाम नकार द्यावा. तो सारखा पडतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे: बहुधा जुन्या कांडीत, ओल्या जंक्शन बॉक्समध्ये, किंवा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र बांधल्यामुळे. घरात न्यूट्रलची तार अर्थला बांधून ‘अर्थिंग केले’ म्हणणारेही भेटतात. ते अर्थिंग नव्हे. बाहेर न्यूट्रल तुटला तर त्या जोडणीने सगळे पत्रे जिवंत होतात.

अर्थिंगचा खड्डा यंत्राच्या जवळ, शक्यतो मोरीचे पाणी मुरते तिथे घ्यावा, आणि मार्च ते जूनमध्ये त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. काम झाल्यावर रोध मोजून घ्यावा व तो आकडा तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आत लिहावा. पाच ओहमच्या आत आला तर उत्तम. एका खड्ड्यात येत नसेल तर थोड्या अंतरावर दुसरा खणून दोन्ही जोडावेत. वळवाच्या पावसात अकोल्याकडे विजा फार पडतात, तेव्हा बोर्डावर सर्ज प्रोटेक्टरही असावा. पण अर्थिंग चांगले नसेल तर तोही शोभेचा.

बादलीत सोडायच्या कांडीबद्दल एवढेच लिहितो: हीट पंप आला त्या दिवशी वसतिगृहातल्या सगळ्या कांड्या गोळा करून बाहेर काढाव्यात. मागे ठेवल्या की कोणीतरी वापरतोच.

हुकूम देणाऱ्या तारा

आतापर्यंत ताकद वाहणाऱ्या तारा झाल्या. दुसऱ्या बारीक तारा हुकूम वाहतात. त्यांना कंट्रोल वायरिंग म्हणतात. विहिरीवरचा स्टार्टर ज्याने पाहिला आहे त्याला हे अर्धे आधीच येते. हिरवे बटण दाबले की कॉइलला वीज मिळते, कॉइल कॉन्टॅक्टर ओढते आणि मोटार सुरू होते. बटण सोडले तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. म्हणून तर रात्री वीज आल्यावर शेतात जायला लागू नये यासाठी शेतकरी ‘ऑटो’ बसवतात.

हीट पंपात ऑटो असतोच, पण त्याच्यावर पहारेकरी बसवलेले असतात. टाकीच्या पोटात एक सेन्सर असतो, त्याचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो. पाणी ४५ अंशांच्या खाली आले की तो कंट्रोलरला कळवतो. कंट्रोलर आधी पाणी फिरवणारा छोटा पंप सुरू करतो. नळीत पाणी खरोखर वाहू लागले की फ्लो स्विच मिटतो. मग पंखा, मग काँप्रेसर. ५० अंश झाले की उलटा क्रम: आधी काँप्रेसर थांबतो, पाण्याचा पंप आणखी मिनिटभर चालून उरलेली ऊब टाकीत नेतो. ४५ला सुरू, ५०ला बंद, असा पाच अंशांचा फरक मुद्दाम ठेवायचा. एक अंशाचा ठेवला तर यंत्र दिवसभर चालू-बंद होत राहील आणि दर वेळी तो साठ अँपिअरचा झटका बसेल.

पहारेकरी सगळे एका माळेत ओवलेले असतात. गार पाण्याच्या टाकीतला फ्लोट, फ्लो स्विच, गॅसचा दाब फार वाढला तर उघडणारा स्विच, फार कमी झाला तर उघडणारा स्विच, व्होल्टेज बघणारा रिले, आणि पाणी भलतेच तापले तर तोडणारा थर्मोस्टॅट. कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारी वीज या सगळ्यांतून जाते. एक मणी निसटला की माळ तुटते आणि काँप्रेसर थांबतो. यंत्र बंद पडले म्हणजे बहुधा यापैकी कोणीतरी आपले काम केले आहे.

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते. मुले गार पाण्याने आंघोळ करताहेत, अधीक्षकांना घाई आहे, बोलावलेला माणूस मीटर लावून बघतो, फ्लो स्विच उघडा दिसतो, तो दोन इंच वायरीचा तुकडा लावून त्याला डायरेक्ट करतो. यंत्र सुरू. सगळे खूश. पण फ्लो स्विच उघडला होता कारण गाळणीत कचरा अडकून पाणी वाहत नव्हते. आता काँप्रेसर न वाहणाऱ्या पाण्यात उष्णता ओतत राहतो, दाब चढतो. दाबाचा स्विच शाबूत असेल तर तो वाचवतो. तोही डायरेक्ट केलेला असेल तर काँप्रेसर जातो, आणि काँप्रेसर म्हणजे यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा. गाळणी उघडून धुवायला दहा मिनिटे लागली असती.

वीज जाऊन लगेच आली तर? काँप्रेसर थांबल्यावर गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी सुरू करायला गेले तर तो दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, अडकतो, तापतो. म्हणून वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून मगच सुरू करणारा डिले लागतो. बहुतेक यंत्रांत तो असतो, पण वीज दिवसातून दहा वेळा झपझप करते त्या वस्तीवर व्होल्टेज रिलेमध्येही तो लावून घ्यावा. कमी-जास्त व्होल्टेजची मर्यादा यंत्राच्या पत्रकात दिलेली असते, तिच्याप्रमाणे रिले लावायचा. अंदाजाने नाही.

टायमरबद्दल म्हटले होते. दुपारी बारा ते पाच यंत्र चालावे यासाठी टायमर माळेतच ओवायचा. तो बॅटरी असलेला घ्यावा. साधा फिरकीचा टायमर वीज गेली की थांबतो. रोज दोन तास वीज जाते तिथे सहा दिवसांत त्याचे घड्याळ बारा तास मागे पडते आणि यंत्र मध्यरात्री सुरू होऊ लागते, अगदी गारठ्यात, सर्वांत खोल उपशाला. कोणाच्या लक्षातही येत नाही. फक्त बिल वाढते. दुपारी चालवण्याचा आणखी एक फायदा असा की पुढे कोणी छतावर सौर पॅनेल दिले तर त्यांची वीज थेट याच कामाला येते.

काही यंत्रांच्या टर्मिनलवर बाहेरचा टायमर जोडायला दोन स्क्रू दिलेले असतात. ते ‘कोरडे’ असतात, म्हणजे त्यांना बाहेरून वीज द्यायची नसते, फक्त दोन्ही टोके जोडायची किंवा तोडायची असतात. सवयीने तिथे २३० व्होल्ट दिले की कंट्रोलरचे कार्ड त्या क्षणी जळते. नकाशा न बघता केलेल्या कामाची ही नेहमीची किंमत. तसेच सेन्सरची बारीक तार मुख्य वायरीबरोबर एकाच पाइपात ओढू नये. शेजारच्या करंटमुळे तिच्यातला संदेश बिघडू शकतो आणि यंत्र ४० अंशांना ५० समजते. वेगळा पाइप, एका हाताचे अंतर, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात. सेन्सर त्याच्या नळीत शेवटपर्यंत ढकललेला आणि क्लिपने धरलेला हवा. तो निसटून बाहेर लोंबकळू लागला तर यंत्राला पाणी कायम गारच वाटते आणि ते तापवत राहते.

साठ अंशांचे पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. म्हणून वरची मर्यादा तोडणारा थर्मोस्टॅट वेगळा, स्वतंत्र तारेवरचा हवा, कंट्रोलरच्या भरवशावरचा नाही. तो तुटला की हाताने बटण दाबल्याशिवाय जुळू नये. साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून अधूनमधून टाकी साठ अंशांवर न्यायचा सल्ला दिला जातो. तो पाळायचा तर शाळेला सुटी असलेल्या दिवशी, नळ बंद ठेवून, किंवा मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवूनच. जादा मदतीसाठी टाकीत विजेचा हीटर असतो, त्याची तार अशी जोडावी की काँप्रेसर चालू असताना तो लागणारच नाही. सहा किलोवॅटचा हीटर सव्वीस अँपिअर घेतो. दोन्ही एकदम चालू झाले तर आपली चार एमएमची वायर आणि मंजूर भार दोन्ही ओलांडले जातात. त्याचा स्विच कुलपात ठेवलेला बरा.

आणखी एक, पुस्तकांत फारसे नसलेले. कॉन्टॅक्टरच्या डब्यात ऊब असते म्हणून पाली आणि मुंग्या तिथे राहायला येतात. मुंग्या संपर्काच्या फटीत चिरडल्या की संपर्क जळतो, पाल दोन टर्मिनलांवर आडवी झाली की डबाच जातो. वायर जिथून आत येते तिथे ग्लँड आवळलेली आणि न वापरलेली भोके बंद केलेली असावीत. डबा पावसाच्या झडीपासून आडोशाला हवा. यंत्राला मात्र मोकळी हवा लागते. ते बंद खोलीत ठेवले तर स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढते आणि उपसा आणखी खोल जातो.

देणगीदारांनी यंत्राच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबीचा बोर्ड, योग्य जाडीची तांब्याची वायर, मोजलेले अर्थिंग, व्होल्टेज रिले आणि बॅटरीचा टायमर या गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते विचारावे. ‘वायरिंग ग्राहकाकडून’ असे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असेल तर ती रक्कमही धरूनच देणगी ठरवावी. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, आणि जोडणीचा नकाशा मराठीत लिहून डब्याच्या दारावर चिकटवलेला असावा, कोणता दोष आला तर काय बघायचे यासह.

शेवटी एक छोटा मीटर या लाइनवर वेगळा बसवावा. हिवरे बाजारात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि त्यावरून त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरते. वसतिगृहात आठवी-नववीच्या मुलामुलींनी रोज संध्याकाळी हा मीटर वाचून वहीत लिहावा: तारीख, युनिट, टाकीचे तापमान. विज्ञानाच्या बाईंना एक चालता-बोलता पाठ मिळेल. रोज अकरा युनिट लागत होते ते डिसेंबरात तेरा झाले तर समजावे, हवा गार झाली. ते एकाएकी सोळा-सतरा झाले आणि पाणी तेवढेच असेल, तर हवेची जाळी धुळीने भरली आहे, किंवा खारट पाण्याने नळीत क्षार जमला आहे, किंवा टायमरचे घड्याळ सरकले आहे. जाळी मऊ ब्रशने, आयसोलेटर बंद करून, मावशीसुद्धा साफ करू शकतात. क्षारासाठी तंत्रज्ञाला बोलवावे. टायमरचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायला कोणालाच बोलवावे लागत नाही.